माळ्यावरच्या जस्ताच्या मोटारी

दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरवली जाते, तिच्यातील पितळी डबे, जरीची वस्त्रे आणि वर्षानुवर्षे कोणी न उलगडलेले कागद बाजूला सारले जातात, आणि अगदी तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या, बोटभर लांबीच्या दोनचार मोटारी हाती लागतात, हा अनुभव साठी ओलांडलेल्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. अशा वेळी कित्येकदा एक विलक्षण विसंगती दृष्टीस पडते. घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने दुसऱ्या महायुद्धापूर्वी घेतलेली, मुलांच्या हाती कधीही न दिलेली, रंगाचा टवकाही न उडालेली मोटार फडके सोडताच टपावर आडवी तडकलेली दिसते, आणि तिच्या पुढच्या चाकावरचा भाग नुसत्या नखाच्या दाबाने निखळून हातात येतो. उलट १९६० च्या सुमारास घेतलेली, अंगणातील मातीत रेटलेली, जिन्यावरून असंख्य वेळा गडगडलेली आणि रंग जवळजवळ संपूर्ण गमावलेली दुसरी मोटार मात्र अंगाने धडधाकट असून तिची चारही चाके आजही फिरतात. जपलेली वस्तू नष्ट व्हावी आणि मनसोक्त खेळलेली टिकावी, हा उलटा न्याय कसा?

पहिली मोटार कारखान्यातून बाहेर पडली त्याच दिवशी तिचे भवितव्य ठरून गेले होते, आणि ते ठरले तिच्या धातूत मिसळलेल्या एका अत्यल्प भेसळीने. हे कसे घडते ते समजून घेतले की या चिमुकल्या जिनसा केवळ बालपणाची आठवण म्हणून उरत नाहीत. धातुशास्त्र, कारखानदारी आणि व्यापार यांचा तो एक वाचता येण्याजोगा दस्तऐवज ठरतो. ज्याला जुन्या मोटारींचा संग्रह करावयाचा असेल त्याने प्रथम हा दस्तऐवज वाचावयास शिकावे आणि किमतीची चौकशी मागाहून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

धातूचा रस आणि पोलादी साचा

या मोटारींना ‘डायकास्ट’ म्हणतात. ‘डाय’ म्हणजे पोलादाचा कायमचा साचा, आणि डायकास्ट म्हणजे अशा साच्यात धातूचा रस जोराने दाबून घडवलेली वस्तू. घरच्या मोदकाच्या साच्याची आठवण केली की निम्मे काम झाले. दोन पाकळ्या मिटवायच्या, आत सारण दाबायचे, पाकळ्या उघडायच्या की मोदक तयार; आणि दोन पाकळ्या जेथे मिळाल्या तेथे मोदकावर एक बारीकशी उभी रेघ उमटते. डायकास्ट मोटारीच्या बंपरावर किंवा दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवले तर अशीच रेघ लागते.

कारखान्यातील यंत्राची रचना अशी असते. भट्टीवरच्या कढईत जस्ताचा मिश्रधातू ४०० अंश सेल्सिअसच्या थोडा वर तापवून पातळ ठेवलेला असतो. त्या रसातच एक नळकांडे बुडवलेले असून त्यातील दट्ट्या खाली येताच रस बाकदार नळीतून वर चढतो आणि मिटलेल्या साच्यात डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी शिरतो. साच्याच्या भिंतींतून पाणी खेळवलेले असल्यामुळे तो तत्काळ थिजतो, साचा उघडतो, आणि मागच्या बाजूने पुढे सरकणाऱ्या बारीक पोलादी खुंट्या ओतीव मोटारीला बाहेर ढकलतात. बुडाचा पत्रा नसलेली मोटार उलटी धरून टपाच्या आतल्या अंगाकडे पाहिले तर या खुंट्यांचे गोल ठसे स्पष्ट दिसतात. त्यानंतर कडेने आलेला धातूचा पापुद्रा तोडणे, पिंपात घोळवून धारा बोथट करणे, तेलकटपणा धुऊन काढणे, रंगाचा फवारा मारून तो भट्टीत भाजणे आणि अखेर बूड, खिडक्या व चाके बसवणे, असा क्रम चालतो.

याच कामासाठी जस्त का निवडले गेले, याचे कारण उघड आहे. शुद्ध जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात. जितकी उष्णता कमी, तितकी साच्याची झीज कमी. आणि साचा हीच या धंद्यातील सर्वांत महागडी मालमत्ता होय. नमुना प्रथम प्रत्यक्ष खेळण्याच्या कित्येक पट मोठा बनवायचा, त्याच्या पृष्ठभागावरून यंत्राची सुई फिरवायची, आणि त्या सुईला जोडलेल्या कातणीने तोच आकार लहान प्रमाणात पोलादात कोरायचा, असे हे कौशल्याचे व वेळखाऊ काम असे. परंतु एकदा साचा सिद्ध झाला की त्यातून लाखो मोटारी निघत. म्हणूनच पुढे कारखाने बुडाले, मालक बदलले, तरी साचे मात्र समुद्र ओलांडून दुसऱ्या देशांत कामाला लागले. हिंदुस्थानच्या संदर्भात ही गोष्ट विशेष महत्त्वाची असल्यामुळे तिच्याकडे पुढे वळू.

या पद्धतीचा उगम छापखान्यात आहे. शिशाच्या मिश्रधातूतून अक्षरांची अख्खी ओळ ओतणारे लायनोटाइप यंत्र १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडले होते. ते पाहून तेथील डाउस्ट बंधूंनी तेच तत्त्व गुंड्या व लहानसहान शोभेच्या वस्तूंना लावले, आणि त्यांच्याच कारखान्यातून पुढे ‘टुटसीटॉय’ नावाने ओळखल्या गेलेल्या ओतीव मोटारी निघाल्या.

जपलेली मोटार का फुटते?

आता मूळ कोड्याकडे येऊ. धातू डोळ्यांना एकजिनसी दिसला तरी तो असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. रस थिजताना हे कण वेगवेगळ्या ठिकाणी जन्माला येतात, वाढत वाढत एकमेकांना भिडतात, आणि जेथे भिडतात तेथे त्यांच्या सीमा तयार होतात. जस्तात चार टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम मिसळले की मिश्रधातू बळकट होतो आणि साच्याच्या बारीकसारीक खाचांत नीट शिरतो. पण अशा मिश्रधातूत शिसे, कथील किंवा कॅडमियम अत्यल्प प्रमाणात जरी आले तरी घात होतो. शिसे घट्ट जस्तात जवळजवळ विरघळत नाही. रस थिजत असताना ते स्फटिककणांच्या बाहेर ढकलले जाते आणि नेमके सीमांवर जाऊन साठते. मग हवेतील दमटपणा या सीमांतून आत उतरतो, तेथील धातू गंजू लागतो, आणि गंजलेला पदार्थ मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे मोटार आतून फुगते. ती किंचित लांब होते, टप वाकतो, बुडाचा पत्रा बसेनासा होतो, रंगाला जाळीदार भेगा पडतात, आणि अखेर कणाकणांतील बंध सुटून तिचा भुगा होतो.

किती शिसे पुरते? आजच्या प्रमाणित मिश्रधातूत शिशाची कमाल मर्यादा ०.००५ टक्के धरतात. म्हणजे एक किलो धातूत ५० मिलिग्रॅम. एवढ्या काटेकोरपणाची गरज १९२० ते १९३० च्या दशकात ध्यानात आली. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेला ‘झामाक’ हा मिश्रधातू १९२९ मध्ये तयार केला, आणि त्याचाच इंग्लंडमधील अवतार ‘माझाक’ या नावाने तेथील खेळण्यांच्या कारखान्यांत पोहोचला. नुस्खा उत्तम होता. परंतु तो पाळला जाईलच याची हमी नव्हती. ज्या कारखान्यात शिशाची खेळणीही ओतली जात, तेथे मोडीचा एखादा तुकडा चुकीच्या कढईत पडणे मुळीच अशक्य नव्हते, आणि तेवढ्याने त्या घाण्यातील सर्व मोटारी दूषित होत. म्हणून युद्धपूर्व काळातील एकाच नमुन्याच्या दोन मोटारींपैकी एक आजही टणक आणि दुसरी चुराडा, असे दृश्य दिसते. युद्धानंतर धातूवरील देखरेख कडक झाली आणि हा रोग पुष्कळच आटोक्यात आला. अंगणात खेळलेली १९६० ची मोटार शाबूत राहिली ती यामुळे.

संग्राहक याला ‘झिंक पेस्ट’, म्हणजे जस्ताची कीड म्हणतात आणि पुष्कळजण रोगी मोटार निरोगी मोटारींजवळ ठेवावयास भितात. ही भीती निराधार आहे. दोष मोटारीच्या स्वतःच्या अंगात असतो, तो शेजारणीला लागत नाही. मात्र त्यावर उपायही नाही. उष्णता व दमटपणा यांनी त्याची गती वाढते, कोरडेपणाने मंदावते, एवढेच. मुंबई, कोकण आणि गोवे येथील पावसाळा या दृष्टीने फार कठोर आहे. लिव्हरपूलच्या कपाटात जी मोटार कदाचित आणखी कित्येक वर्षे तग धरील, ती रत्नागिरीच्या माळ्यावर लवकर हार खाते.

रेल्वेच्या फलाटावरून काड्यापेटीत

या मोटारींचे आकार वेगवेगळे का, हाही नेहमी पडणारा प्रश्न आहे. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने १९३३ मध्ये ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने काही लहान वाहने विक्रीस काढली, ती स्वतंत्र खेळणी म्हणून नव्हेच. कंपनीच्या ‘ओ’ गेजच्या खेळण्यातील आगगाड्यांभोवती, फलाटाबाहेर उभी करण्यासाठी. या आगगाड्यांचे इंग्लंडमधील प्रमाण एका फुटाला सात मिलिमीटर असे होते, म्हणजे जवळजवळ १:४३. पुढल्याच वर्षी या वाहनांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले, मुलांनी आगगाडीपेक्षा मोटारीच अधिक पसंत केल्या, आणि ज्या रेल्वेसाठी हे माप ठरले ती बाजूला राहून १:४३ हे माप मात्र जगभरच्या संग्राहकांत आजतागायत टिकून राहिले.

दुसरे माप काड्यापेटीने ठरवले. लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ यांनी १९४७ मध्ये लंडनमध्ये ‘लेस्नी’ या नावाने ओतकामाचा धंदा काढला, आणि जॅक ओडेल हा कुशल कारागीर त्यांना येऊन मिळाला. ओडेलच्या कन्येच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती, म्हणून त्याने रस्ता दाबण्याच्या रोलरची चिमुकली प्रतिकृती तिला करून दिली, असे सांगतात. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेक समारंभाच्या रथाची लहान प्रतिकृती दहा लाखांहून अधिक खपल्यामुळे लेस्नीच्या हाती भांडवल आले, आणि त्याच वर्षी रोलर, डंपर व सिमेंट कालवण्याचे यंत्र यांनी ‘मॅचबॉक्स’ मालिकेचा आरंभ झाला. येथे पेटी आधी ठरली आणि वाहन मागाहून तिच्यात बसवले गेले. त्यामुळे लंडनची दुमजली बस आणि लहानशी मोटार यांची लांबी जवळजवळ सारखीच असते, कारण बस अधिक लहान प्रमाणात केलेली असते. मालिकेत १ ते ७५ एवढेच क्रमांक ठेवण्याचा शिरस्ता होता. नवे वाहन आले की जुने रद्द होऊन त्याचा क्रमांक नव्याला मिळे. म्हणून नुसत्या क्रमांकावरून मॅचबॉक्सची ओळख सांगणे धोक्याचे असते.

१९५६ मध्ये मेटॉय कंपनीने वेल्समधील स्वान्सी येथून ‘कॉर्गी टॉइज’ आणली आणि खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या काचा बसवून डिंकीला जोरदार शह दिला. तोवर डिंकीच्या मोटारींच्या खिडक्या म्हणजे नुसती भोके होती. कॉर्गीचे सर्वांत गाजलेले खेळणे म्हणजे १९६५ सालची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन डीबी ५. या मोटारीजवळ थोडे थांबावेसे वाटते, कारण तळहातावर मावणाऱ्या वस्तूत किती यंत्ररचना बसवता येते याचा तो नमुना आहे. मागच्या धुराड्याच्या नळ्या दाबल्या की डिकीवर गोळीरोधक पडदा उभा राहतो. पुढची कळ दाबताच दिव्यांजवळून मशीनगनच्या नळ्या पुढे येतात. आणि बाजूची दुसरी कळ दाबली की टपाचे झाकण उघडून खलनायक आसनावरून बाहेर उडतो. आत आहेत त्या फक्त बारीक स्प्रिंगा आणि त्यांना अडकवून धरणाऱ्या तरफा: स्प्रिंग आधी ताणून अडकवायची, आणि कळ दाबली की अडसर सरकून ती मोकळी व्हायची. चित्रपटातील मोटार रुपेरी असताना खेळणे सोनेरी का, तर रुपेरी रंग न रंगवलेल्या जस्तासारखा दिसेल म्हणून. उडालेला माणूस बिछान्याखाली किंवा मोरीत कायमचा हरवत असल्यामुळे, तो जागेवर असलेली मोटार आज दुर्मिळ मानली जाते.

चाकांची क्रांती

१९६८ पर्यंत या सर्व मोटारी हाताने ढकलायच्या असत. त्या वर्षी अमेरिकेतील मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’च्या सोळा मोटारी बाजारात आणल्या आणि त्या उतारावरून सोडताच आपोआप दूरवर धावत गेल्या. कारण साध्या पदार्थविज्ञानाचे आहे. चाक फिरताना त्याला अडवणारे घर्षण आस ज्या भोकात असते तेथे होते; आस जाड असेल तर हा अडथळा चाकाच्या मध्यापासून दूर राहून अधिक जोराने चाक रोखतो, आस बारीक असेल तर तो मध्याच्या अगदी जवळ येतो आणि त्याची रोखण्याची शक्ती घटते. मॅटेलने जाड आसाऐवजी बारीक लवचिक तार वापरली आणि तिच्याभोवती डेलरिन या गुळगुळीत प्लास्टिकचे अस्तर बसवले. तीच तार किंचित पिळली जाऊन धक्केही झेलत असे. लेस्नीचा अमेरिकेतील खप इतका घसरला की पुढल्याच वर्षापासून त्यांनाही ‘सुपरफास्ट’ नावाने बारीक आसाची चाके आणावी लागली. संग्राहकाला याचा आयता लाभ होतो. मॅचबॉक्सची चाके प्रथम धातूची, नंतर करड्या प्लास्टिकची, मग काळ्या प्लास्टिकची आणि १९६९ पासून बारीक आसाची, अशी बदलत गेली असल्यामुळे चाके पाहून मोटारीचा काळ पुष्कळसा निश्चित करता येतो.

चौकट : मोटारीच्या बुडाशी काय वाचावे?

मोटार उलटी करा. बुडाच्या पत्र्यावर कारखान्याचे नाव, देश आणि बहुधा वाहनाचे नाव असते. सनाचा आकडा असल्यास तो ती विशिष्ट मोटार बनल्याचा आहे असे धरू नका. तो साचा वा आराखडा नोंदवल्याचा असतो, आणि तोच आकडा घेऊन मोटारी पुढे अनेक वर्षे निघत. देशाचे नाव अधिक बोलके: ‘इंग्लंड’च्या जागी ‘मकाव’, ‘चीन’ किंवा ‘थायलंड’ आले की मॅचबॉक्स १९८२ साली लेस्नीचे दिवाळे निघाल्यानंतरची समजावी. मग रिव्हेट पाहा. वरच्या अंगाला जोडलेला धातूचा खुंट बुडातून बाहेर काढून ठोकून पसरवलेला असतो, आणि रंग आधी व ठोकणे नंतर असा क्रम असल्यामुळे अस्सल मोटारीत त्याचे डोके बहुधा उघड्या धातूचे दिसते. त्यावर रंग चढलेला असेल किंवा तेथे छिद्र पाडून स्क्रू बसवलेला असेल, तर मोटार एकदा उघडली वा नव्याने रंगवली गेली असावी.

लिव्हरपूलचे साचे कलकत्त्यात

आपल्याकडे या मोटारी प्रथम इंग्रजी अमदानीत मोठ्या शहरांतील खेळण्यांच्या दुकानांतून आल्या. १९५७ नंतर परकीय चलनाची टंचाई भासू लागून आयातीवर कडक निर्बंध आले, आणि परदेशी खेळणे ही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची चीज झाली. मग जहाजावर नोकरीस असलेले काका, गोव्याचे तारवटी, आणि पुढे आखाती देशांत गेलेले नातेवाईक हीच मोटारी घरी पोहोचण्याची वाट उरली. त्या पिढीच्या मुलांना एकेका मोटारीचे अप्रूप का वाटे आणि ती ट्रंकेच्या तळाशी का जपली जाई, हे यावरून कळते.

याच परिस्थितीतून हिंदुस्थानी डायकास्टचा एक फार मनोरंजक अध्याय निर्माण झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेकॅनोने वापरातून बाद केलेले डिंकीचे काही साचे कलकत्त्यातील एका कंपनीकडे आले, आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी निघू लागल्या. बुडावरचे जुने नाव साच्यातच खोडून नवे कोरलेले असे. साचा वापरून वापरून जुना झाला की त्याच्या दोन अर्धांमधील फट वाढते, कडेचा पापुद्रा जाड येतो, दाराच्या रेषा व जाळीची नक्षी बुजू लागते. निकीची मोटार आणि तिची लिव्हरपूलची थोरली बहीण शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या तर या साच्याचे वय डोळ्यांना दिसते. एके काळी हिणकस मालात जमा होणाऱ्या या मोटारी आज इंग्लंडमधील संग्राहक आवर्जून शोधतात, कारण त्या थोड्या निघाल्या आणि त्याहून थोड्या टिकल्या. त्यानंतर १९८० च्या दशकात मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने ‘लिओ’ या नावाखाली मॅटेलच्या हॉट व्हील्स येथे काढल्या. त्यांचे रंग व छाप पुष्कळदा अमेरिकेतील मोटारींहून निराळे असल्यामुळे त्यांनाही परदेशात मोठी मागणी आहे. ज्यांचे बालपण त्या दशकात महाराष्ट्रात गेले त्यांनी घरातले खोके एकदा अवश्य तपासावे. मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात खेळण्यांच्या ढिगात अशा मोटारी कधीमधी सापडतात. विक्रेत्याला नाव माहीत नसले तरी बूड वाचणाऱ्याला त्या ओळखता येतात.

जाता जाता एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या जस्तावर हा सारा उद्योग उभा राहिला त्याचे मोठ्या प्रमाणावर ऊर्ध्वपातन करून धातू मिळवण्याची विद्या उदयपूरजवळच्या जावर येथे युरोपच्या कित्येक शतके आधी सिद्ध झालेली होती. जस्त ९०७ अंशांनाच वाफ होऊन निसटते. ती वाफ हवेचा स्पर्श न होऊ देता थंड करून धरणे हे अवघड काम तेथील कारागिरांनी मातीच्या मुशी उलट्या मांडून साधले होते, आणि त्या वापरलेल्या मुशींचे ढीग आजही तेथे पाहावयास मिळतात.

पुन्हा सापडलेली मोटार कशी जपावी?

सर्वांत पहिली सूचना अशी की तिला रंगवू नये. मूळ रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याचा थर पातळ व कठीण असतो, आणि घरी चढवलेला जाड रंग साच्याची बारीक नक्षी बुजवून टाकतो. खेळताना उडालेले टवके हा त्या मोटारीच्या चरित्राचा भाग आहे. संग्राहकही अर्धवट रंग उरलेल्या अस्सल मोटारीला नव्याने चकाकणाऱ्या मोटारीपेक्षा बहुधा अधिक मान देतात. पितळ घासण्याची पावडर, पेट्रोल, लिंबू किंवा चिंच यांपैकी काहीही तिला लावू नये; लिंबू-चिंचेच्या आम्लाने तर जस्त लगेच खाल्ले जाते. मऊ कुंचल्याने धूळ काढावी. फारच मळलेली असल्यास कोमट पाणी व सौम्य साबण यांत बुडवलेल्या, पिळून काढलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. मात्र भेगा दिसत असतील तर पाणी अजिबात लागू देऊ नये.

दुसरी सूचना टायरांविषयी. मऊ प्लास्टिक लवचिक राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव मिसळलेला असतो. वर्षे लोटली की तो बाहेर पाझरतो आणि ज्या कठीण प्लास्टिकला टायर टेकलेला असेल ते विरघळवू लागतो. दोन मोटारी वर्षानुवर्षे एकमेकींवर रचून ठेवल्या की एकीच्या प्लास्टिकच्या भागावर दुसरीच्या चाकाचा खड्डा पडतो तो यामुळे. म्हणून प्रत्येक मोटार सुटी, साध्या पांढऱ्या सुती कापडात ठेवावी. डांबराच्या गोळ्या ट्रंकेत टाकण्याची आपल्याकडील सवय कपड्यांना हितकारक असली तरी मोटारींना घातक आहे, कारण त्यांची वाफ प्लास्टिकच्या काही जाती मऊ करते. ताज्या लाकडाची व हलक्या पुठ्ठ्याची पेटीही आम्लयुक्त वाफ सोडते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकदा उघडून पाहणी, एवढा बंदोबस्त पुरेसा होतो. जुन्या रंगांत शिशाचा अंश असण्याचा संभव असल्यामुळे या मोटारी तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलांना देऊ नयेत. त्यांच्यासाठी बाजारात नवी खेळणी मुबलक आहेत.

मोटारीबरोबर तिची मूळ पेटी सापडली तर ती फाटकी असली तरी टाकू नका, आणि चिकटपट्टीने जोडू तर मुळीच नका. चिकटपट्टीचा डिंक पुढे पिवळा पडून कागद खातो. पेटीवर दुकानदाराने पेन्सिलीने लिहिलेली किंमत किंवा दुकानाचा शिक्का असेल तर तो पुसू नका. हिंदुस्थानात कोणती मोटार कोणत्या वर्षी कोठे विकली गेली याचे संगतवार दप्तर कोणी ठेवलेले नसल्यामुळे अशा खुणा हाच त्याचा पुरावा आहे. घरातील वडील मंडळी हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे की मोटार कोणी आणली, कोठून, कोणत्या साली, आणि तिच्याशी कोण खेळले. आणि ती हकीकत चांगल्या कागदावर पेन्सिलीने, तारीख घालून लिहून त्याच डब्यात, पण मोटारीला न टेकेल अशी ठेवावी.